तीन तक्ते

पदवीच्या वर्गात क्वांटम मेकॅनिक्स शिकवण्याचा एक क्रम ठरून गेला आहे. काळ्या वस्तूचं प्रारण, फोटोइलेक्ट्रिक परिणाम, कॉम्प्टन, डी ब्रॉग्ली, मग श्रोडिंगरचं समीकरण आणि त्यानंतर डब्यात कोंडलेला कण. साताऱ्यापासून सांगली-मिरजेपर्यंतच्या कॉलेजांतून भौतिकशास्त्र शिकणाऱ्या पिढ्यान् पिढ्या याच वाटेने पुढे गेल्या. विद्यार्थी इंटिग्रेशन नीट करतात, नॉर्मलायझेशनचा स्थिरांक बिनचूक काढतात, पेपरात पैकीच्या पैकी गुणही घेतात. पण या कणाची ‘अवस्था’ म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की उत्तर येतं ‘साय’. साय म्हणजे काय, तर वेव्ह फंक्शन. त्यापुढे गाडी सरकत नाही. विद्यार्थी हुशार असो वा बेताचा, अडण्याची जागा तीच. शिकवण्याच्या कामात हे इतक्या सातत्याने दिसतं, की दोष विद्यार्थ्यांत नसून क्रमात आहे याबद्दल मला आता शंका उरलेली नाही. क्वांटम अवस्था आधी साध्या संभाव्यतेच्या तक्त्यांतून शिकवावी, आणि काल्पनिक संख्या, सदिश, ऑपरेटर हे सगळं मागाहून आणावं, असं माझं ठाम मत आहे. साध्या म्हणजे अगदी साध्या: शून्य ते एकच्या मधल्या, बेरीज एक येणाऱ्या, शेजारच्या संख्याशास्त्र विभागात रोज वापरल्या जाणाऱ्या. यात विषय पातळ होतो असं अनेकांना वाटतं. मला वाटतं, उलट याच वाटेने तो खरा कुठे अवघड आहे ते कळतं.

या तक्त्यांसाठी आमच्या भागात लांब जायला नको. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात साखर कारखान्यांची दाटी आहे आणि हंगामात प्रत्येक कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचा ब्रिक्स आणि पोल सतत निघत असतो. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं एकूण घन, पोल म्हणजे ध्रुवित प्रकाश किती वळला त्यावरून काढलेलं साखरेचं प्रमाण, आणि पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणलं की प्युरिटी. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ‘स्पेसिफिक रोटेशन’ म्हणून जो प्रयोग असतो, तो हाच. एका पोलरॉइडमधून प्रकाश नळीत शिरतो, साखरेच्या द्रावणातून जाताना त्याच्या कंपनाची दिशा वळते, आणि पलीकडचा दुसरा पोलरॉइड फिरवून ती किती वळली ते वाचायचं. १०० मिलीलीटर द्रावणात २६ ग्रॅम साखर आणि २०० मिलीमीटर लांबीची नळी घेतली, तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात हे वळण सुमारे ३४.६ अंश येतं. साखर उद्योगातल्या मोजपट्टीवर शंभरचा आकडा याच द्रावणावरून ठरला आहे.

आता हाच प्रयोग जरा वेगळ्या नजरेने पाहू. नळीत शिरणाऱ्या प्रकाशाला तीन प्रश्न विचारता येतात. कंपन आडवं की उभं, हा पहिला. एका कर्णावर की त्याच्या काटकोनातल्या दुसऱ्या कर्णावर, हा दुसरा. आणि क्वार्टर वेव्ह प्लेट लावून विचारायचा तिसरा: वर्तुळाकार फिरणं उजवं की डावं. प्रत्येक प्रश्नाची दोनच उत्तरं, म्हणून प्रत्येक तक्त्यात दोनच रकाने आणि खरं तर एकच स्वतंत्र संख्या. आडव्या ध्रुवित प्रकाशासाठी या तीन संख्या १, ०.५ आणि ०.५ अशा येतात: पहिल्या प्रश्नाला ‘आडवं’ हे उत्तर शंभर टक्के, बाकी दोन प्रश्नांना निम्मं-निम्मं. साखरेच्या नळीतून बाहेर पडल्यावर त्याच संख्या ०.६८, ०.९७ आणि ०.५ होतात. साखरेने पहिल्या दोन तक्त्यांची सरमिसळ केली आणि तिसऱ्याला हातही लावला नाही. तक्ते म्हणजे स्थिर फोटो, त्यात काळाबरोबर होणारा बदल कसा दाखवणार, असा आक्षेप वर्गाबाहेरही ऐकू येतो. त्याचं उत्तर या दोन ओळींच्या आकड्यांत आहे. अवस्था बदलली म्हणजे तक्त्यांतले आकडे ठरावीक नियमाने बदलले. नियम सरळ गुणाकार-बेरजेचा आहे आणि त्यात वर्गमूळात उणे एक कुठेही लागत नाही.

हा तर साधा प्रकाश झाला, यात क्वांटम काय, हा पुढचा रास्त प्रश्न. पोलरिमीटरमध्ये आपण तेजाचं प्रमाण मोजतो, संभाव्यता नव्हे. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये ध्रुवित प्रकाशाचं वर्णन चार मोजता येण्याजोग्या राशींनी केलं होतं, तेव्हा क्वांटमचा मागमूसही नव्हता. फरक पडतो तो प्रकाश एकेका फोटॉनने पाठवता येऊ लागल्यावर. ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांनी १९८६ मध्ये दाखवलं की एकटा फोटॉन प्रकाशाच्या दुभाजकावर (बीम स्प्लिटरवर) पाठवला तर तो या डिटेक्टरवर तरी वाजतो किंवा त्या, दोन्हीकडे अर्धा-अर्धा वाजत नाही. म्हणजे ०.६८ हे तेजाचं प्रमाण राहत नाही, ते ‘आडवं’ असं उत्तर मिळण्याची संभाव्यता होतं. आकडा तोच, अर्थ बदलला. विद्यार्थ्याने जर्नलमध्ये लिहिलेलं रिडिंग एका फोटॉनच्या अवस्थेचं वर्णन ठरतं, आणि ते संपूर्ण वर्णन असतं. ध्रुवीकरणाविषयी आणखी कुठलाही प्रश्न विचारा, त्याचं उत्तर या तीन संख्यांतून काढता येतं. आडव्याशी साडेबावीस अंशांचा कोन करणारा पोलरॉइड लावला तर? पहिल्या दोन संख्यांतून प्रत्येकी अर्धा वजा करायचा, उरलेल्याला ०.७०७ ने गुणायचं, बेरजेत अर्धा मिळवायचा. आडव्या प्रकाशासाठी ०.८५४ येतं. मालसच्या नियमाने साडेबावीस अंशांच्या कोसाइनचा वर्ग काढला तरी हेच.

मग क्वांटम नावाची जी विलक्षण गोष्ट, ती कुठे गेली? ती तक्त्यांच्या आत नाही, तक्त्यांच्या आपसातल्या नात्यात आहे, आणि माझा मुद्दा हाच. तीन साधी नाणी घेतली तर तिन्हींवर छाप येण्याची संभाव्यता एकाच वेळी १ असू शकते, कोणी अडवत नाही. फोटॉनच्या तीन संख्यांना ती मुभा नाही. प्रत्येकीतून अर्धा वजा करून वर्ग करा आणि बेरीज घ्या: ती पाव या आकड्यापलीकडे कधीही जात नाही. साखरेआधीच्या तिघींची बेरीज पाव, साखरेनंतरच्या तिघींचीही पाव. एका प्रश्नाचं उत्तर पक्कं झालं की बाकी दोन प्रश्नांना निम्म्यावर यावंच लागतं. हायझेनबर्गच्या अनिश्चिततेचं हे सगळ्यांत छोटं रूप आहे आणि ते बारावीच्या गणितात मावतं. पाठ्यपुस्तकातल्या डेल्टा एक्स-डेल्टा पीच्या असमानतेपेक्षा हे लवकर उमजतं, कारण विद्यार्थी स्वतःच्या रिडिंगांवर ते तपासून पाहू शकतो.

जाणकारांचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: संभाव्यता घेतली की फेज हरवते, आणि फेज हरवली तर इंटरफिअरन्स कसा समजावणार? एकाच तक्त्यापुरता हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. व्होल्फगांग पाउली यांनी १९३३ मध्ये याहून पुढचा प्रश्न विचारला होता: कणाच्या स्थानाचं वितरण आणि संवेगाचं वितरण, दोन्ही माहीत असली तर वेव्ह फंक्शन ठरतं का? उत्तर नाही असं निघालं. दोन्ही वितरणं तंतोतंत सारखी असलेल्या दोन वेगळ्या अवस्था असू शकतात. पण यातून संभाव्यता अपुरी आहे असा निष्कर्ष निघत नाही, दोन तक्ते अपुरे आहेत एवढाच निघतो. ध्रुवीकरणातही पहिले दोन तक्ते घेऊन थांबलं तर उजवा वर्तुळाकार प्रकाश आणि डावा वर्तुळाकार प्रकाश यांत भेद करता येत नाही. दोघांच्याही नोंदी निम्म्या-निम्म्या. तिसरा तक्ता आला की दोघे वेगळे होतात. फेज कुठे हरवत नाही, ती न विचारलेल्या प्रश्नाच्या तक्त्यात बसलेली असते.

स्थान आणि संवेगाच्या मधले हे न विचारलेले प्रश्न अगणित आहेत, आणि ते विचारायची रीत मिरजेच्या दवाखान्यांत रोज वापरात आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं तेव्हापासून हे गाव वैद्यकीय उपचारांसाठी प्रसिद्ध आहे. आज तिथे सीटी स्कॅन ही नित्याची बाब आहे. सीटी स्कॅनमध्ये शरीराच्या एका कापाच्या अनेक कोनांतून क्ष-किरणांच्या सावल्या घेतात आणि त्या सावल्यांतून आतलं चित्र परत जुळवतात. त्यामागचं गणित योहान राडॉन यांनी १९१७ मध्ये मांडलं. फोगेल आणि रिस्केन यांनी १९८९ मध्ये दाखवलं की प्रकाशाच्या क्वांटम अवस्थेला तेच गणित लागू पडतं: स्थान आणि संवेग यांच्या वेगवेगळ्या मिश्रणांची वितरणं मोजा, प्रत्येक वितरण म्हणजे एक सावली, आणि सगळ्या सावल्यांतून अवस्था उभी राहते. १९९३ मध्ये अमेरिकेत ओरेगॉन इथे स्मिथी, बेक, रेमर आणि फरीदानी यांनी हे प्रत्यक्ष करून दाखवलं. पुढे १९९६ मध्ये मान्चिनी, मॉस्कोचे मान्को आणि तोम्बेसी यांनी सरळ म्हटलं की चित्र जुळवायचीही गरज नाही. सावल्यांचा संचच अवस्था समजा, सगळं गतिशास्त्र त्याच भाषेत लिहिता येतं. मात्र एका ठिकाणी मिरजेची आणि प्रयोगशाळेची वाट वेगळी होते, आणि तीच खरी बघण्याची जागा. रुग्णाच्या चित्रात घनता कुठेही शून्याखाली जात नाही. क्वांटम अवस्थेत प्रत्येक सावली शंभर टक्के साधी संभाव्यता असते, तरीही त्यांतून जुळवलेलं चित्र काही ठिकाणी उणे येऊ शकतं. विग्नर यांनी १९३२ मध्ये लिहिलेलं हे चित्र एका फोटॉनसाठी बरोबर मध्यभागी उणे असतं, आणि २००१ मध्ये जर्मनीत कोन्स्टान्झ इथे ते मोजून मिळालं. उणे संभाव्यता म्हणजे काय, असा प्रश्न विद्यार्थ्यांना छळतो. उणे संभाव्यता कोणी कधी मोजलेली नाही. जे तक्ते एका छताखाली बसत नाहीत त्यांना एका छताखाली बसवायचा आग्रह धरला, की हिशेब उणे येतो.

एका छताखाली बसणं म्हणजे काय, हे पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यांना कळतं. कोयनानगरला किती पाऊस झाला याचा एक तक्ता होतो, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी चाळीस फुटांची इशारा रेषा किंवा पंचेचाळीस फुटांची धोक्याची रेषा ओलांडते का, याचा दुसरा. दोन्ही एकाच दिवसांच्या नोंदी असल्यामुळे त्यांच्यामागे एक मोठा सामाईक तक्ता असतोच: इतका पाऊस आणि इतकी पातळी असे किती दिवस. तो कोणी लिहिला नसला तरी लिहिता येतो. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखवलं की क्वांटम तक्त्यांमागे असा सामाईक तक्ता असेलच असं नाही. समजा फोटॉनच्या अशा जोड्या घेतल्या की दोघांना एकाच कोनात प्रश्न विचारला तर उत्तर नेहमी एकच. शून्य, साठ आणि एकशेवीस अंश हे तीन कोन घेऊ. दोघे दूर असताना एकाच्या कोनाची वार्ता दुसऱ्याला लागत नसेल, तर तिन्ही कोनांची हो-नाही उत्तरं जोडीने आधीच ठरवून आणलेली असायला हवीत. तीन उत्तरं आणि प्रकार दोनच, म्हणून प्रत्येक जोडीत किमान दोन कोनांची उत्तरं जुळणारच. म्हणजे दोन-दोन कोन जुळण्याच्या तीन संभाव्यतांची बेरीज एकपेक्षा कमी असता कामा नये. क्वांटम सिद्धान्त सांगतो की प्रत्येक संभाव्यता पाव आहे, बेरीज पाऊण. प्रत्यक्ष प्रयोगांत याचंच थोडं वेगळं, उपकरणांच्या उणिवा सामावून घेणारं रूप वापरतात, आणि १९७२ पासून आजवरचे जवळपास सगळे निकाल क्वांटमच्या बाजूने लागले आहेत. आस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना २०२२ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. बेलनंतर साध्या संभाव्यतेने क्वांटम अवस्था लिहिणं अशक्य ठरलं, असं जे सर्रास बोललं जातं ते मला पटत नाही. अशक्य ठरला तो सामाईक तक्ता. सुटे तक्ते जिथल्या तिथे आहेत. बेलचा पुरावाही त्यांच्याच आकड्यांवर उभा आहे.

इथे मला सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा उल्लेख करावासा वाटतो. ते संख्याशास्त्रज्ञ, क्वांटमशी त्यांचा संबंध नाही. पण वितरणातला पसारा नेमका कोणाचा, हा प्रश्न त्यांनी दोनदा लावून धरला. पीक कापणीच्या पाहण्यांत छोटे प्लॉट घेतले तर कडेची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसतं, हे त्यांनी १९४० च्या दशकात आकड्यांनी दाखवलं. तिथे काही पसारा मोजण्याच्या रीतीतून आलेला होता. पुढे आहाराच्या प्रश्नात त्यांनी म्हटलं की माणसाची उष्मांकांची गरज हा एक ठरीव आकडा नसतो, त्याच माणसात ती वेळोवेळी कमीजास्त होते; म्हणून सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरता येत नाही. वि. म. दांडेकर यांनी त्यावर कडाडून आक्षेप घेतले आणि वाद गाजला. या वादातली एक गोष्ट क्वांटमच्या वर्गात फार कामाची आहे. अनेक माणसांचा एकच तक्ता बघून पसारा माणसामाणसांतला की माणसाच्या आतला, हे सांगताच येत नाही. त्यासाठी आणखी तक्ते लागतात आणि ते एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. फोटॉनच्या बाबतीत हेच झालं. एका तक्त्यावर बसून हिडन व्हेरिएबलची, म्हणजे आधीच ठरवून आणलेल्या छुप्या उत्तरांची, चर्चा कितीही वर्षं चालली असती. निकाल लागला तो अनेक तक्ते एकमेकांशी भिडवल्यावर.

या वाटेवर काहीच खर्च नाही, असा माझा दावा नाही. हिशेब लांबतो. एका फोटॉनच्या ध्रुवीकरणाला तीन संख्या लागतात, दोघांना पंधरा, तिघांना त्रेसष्ट. दर फोटॉनमागे चारपट, त्यातून एक वजा. सदिशांची भाषा आटोपशीर आहे आणि हायड्रोजनचे स्तर काढताना कोणी तक्ते घेऊन बसणार नाही. पण सोयीची भाषा कोणती आणि पहिली भाषा कोणती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शिवाय तक्त्यांच्या भाषेतही एक विलक्षण आटोपशीर रूप आहे. तीन सुट्या प्रश्नांऐवजी चार उत्तरांचा एकच प्रश्न असा निवडता येतो की ती चार उत्तरं गोलाच्या आतल्या समचतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर बसतात. मग अवस्था म्हणजे चार संभाव्यतांचा एकच साधा तक्ता. त्यावरून दुसऱ्या कुठल्याही प्रश्नाचं भाकीत करताना, संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षातल्या एकूण संभाव्यतेच्या नियमात प्रत्येक उत्तराच्या संभाव्यतेने गुणायचं असतं. क्वांटममध्ये त्या संभाव्यतेच्या जागी तिची तिप्पट वजा अर्धा घ्यायचा, बाकी सूत्र जसंच्या तसं. क्रिस्टोफर फुक्स आणि रूडिगर शॅक यांनी हे रूप पुढे आणलं. एका फोटॉनपुरता सगळा क्वांटम सिद्धान्त ‘तिप्पट वजा अर्धा’ एवढ्यात येतो, हे वर्गातल्या फळ्यावर एका ओळीत लिहिता येतं. किती मितींपर्यंत असे समान अंतरावरचे प्रश्न सापडतात, हा गेरहार्ड झाउनर यांनी १९९९ मध्ये उपस्थित केलेला प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. पदवीच्या वर्गाला ज्याचं विधान समजू शकेल असे उघडे प्रश्न भौतिकशास्त्रात फार थोडे आहेत.

आमच्या कॉलेजांपुरता एक व्यवहारी मुद्दा शिल्लक राहतो. राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ६,००३.६५ कोटी रुपयांची. त्यातलं संवेदन आणि मापनाचं केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. साताऱ्याच्या यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूटमधून किंवा सांगलीच्या विलिंग्डनमधून कोणी उद्या अशा प्रयोगशाळेत गेला, तर यंत्र त्याच्यापुढे वेव्ह फंक्शन ठेवणार नाही. ते मोजण्या ठेवेल: या डिटेक्टरवर इतक्या क्लिक, त्या डिटेक्टरवर इतक्या. त्या मोजण्यांतून अवस्था उभी करणं हे तिथलं रोजचं काम आहे. त्याची तयारी कमी पैशात होऊ शकते. पोलरिमीटर बहुतेक कॉलेजांत आहे, साखर तर घरची आहे, दोन पोलरॉइड आणि लेसरही सापडतात. भर घालायची ती त्या लेसरच्या रंगाला जुळणाऱ्या क्वार्टर वेव्ह प्लेटची आणि फोटोडायोडची. वळणाचा कोन प्रकाशाच्या रंगाप्रमाणे बदलतो, म्हणून लेसर लाल असेल तर सोडियमचे ३४.६ अंश मिळणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवावं. ‘स्पेसिफिक रोटेशन’च्या प्रयोगात आज एका कोनाचा रकाना असतो. त्याच्या जागी तीन तक्त्यांचे सहा रकाने करावेत, द्रावणाआधी आणि द्रावणानंतर, आणि खाली वर्गांची बेरीज काढायला सांगावी. हाताच्या रिडिंगमध्ये ती पावच्या थोडी खाली किंवा क्वचित थोडी वरही येईल. वर का आली, याचं उत्तर मात्र विद्यार्थ्याला मोजमापातल्या चुकांमध्येच शोधावं लागेल, आणि व्हायवाला विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे.